केशरी कुर्त्यातला बहादूर आणि गळका नळ

चित्रकथांतल्या नायकांना एक वरदान मिळालेले असते. वाचक मोठा होतो, नोकरीला लागतो, निवृत्त होतो, नातवंडांचा आजोबा होतो. नायक मात्र तिशीतच राहतो. तरीही त्याच्यामागची कल्पना म्हातारी होतेच. देशभक्त नायकाच्या बाबतीत तर हे फार लवकर घडते, कारण देशापुढचे संकट दर पिढीला बदलत असते.

अमेरिकेचा ‘कॅप्टन अमेरिका’ हे याचे ठळक उदाहरण. जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी १९४१ साली त्याला वाचकांपुढे आणले, तेव्हा पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा लगावत होता. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. युद्ध संपले तसा त्याचा भावही उतरला. पुढे त्याला कम्युनिस्टांच्या मागे लावून पाहिले, तेही फार काळ चालले नाही. १९६४ मध्ये तो बर्फात गोठलेल्या अवस्थेत सापडला आणि काळाच्या मागे पडलेला माणूस म्हणून पुन्हा उभा राहिला. वॉटरगेटच्या काळात, १९७४ मध्ये, सत्तेच्या शिखरावरचे पाप पाहून त्याने आपला पोशाखच उतरवून ठेवला. २०१९ च्या चित्रपटात तर तो खराखुरा म्हातारा झालेला दिसला आणि आपली ढाल त्याने सहकाऱ्याच्या हाती दिली. देशावर प्रेम करणे म्हणजे काय, हा प्रश्न त्याला प्रत्येक काळात नव्याने विचारला गेला, म्हणूनच तो इतकी वर्षे टिकला.

आपला नायक

मराठी घरांतही असा एक नायक येऊन गेला. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशनसंस्थेने १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. मराठीतही त्याचे अंक निघत. एसटी स्टँडावरच्या पुस्तकांच्या गाळ्यांतून ते तालुक्याच्या गावी पोचत आणि मग एका घरातून दुसऱ्या घरात पाने सुटेपर्यंत फिरत. वेताळ आणि मँड्रेक हे त्यातले राजे. पण ते नायक परके आणि त्यांची जंगलेही परकी.

१९७६ मध्ये आबिद सुरती यांनी तिथे ‘बहादूर’ आणला. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. अंगात केशरी कुर्ता, खाली जीन्स आणि पार्श्वभूमी चंबळच्या खोऱ्याची. चार वर्षांपूर्वीच, १९७२ मध्ये, जयप्रकाश नारायण यांच्यापुढे चंबळच्या दरोडेखोरांनी शस्त्रे ठेवली होती. ती आठवण ताजी होती. बहादूर हा पोलिसांच्या गोळीने मेलेल्या दरोडेखोराचा मुलगा. त्याला वाढवले ते एका पोलीस अधिकाऱ्याने. सूड घेण्याची वाट मोकळी असताना त्याने गावकऱ्यांना एकत्र केले आणि ‘नागरिक सुरक्षा दल’ उभे केले. त्याच्याजवळ ना सिद्धी होती, ना मुखवटा. सोबतीला बेला होती, तीही लढाईत मागे न राहणारी.

बहादूरच्या कथांत सारे निर्दोष होते असे मुळीच नाही. माणूस दरोडेखोर का होतो, हा प्रश्न बंदुकीच्या आवाजात बुडून जाई. पण ‘आपले गाव आपणच राखायचे’ ही त्यातली कल्पना मोलाची होती.

पुढे काळ बदलला. १९८६ मध्ये ‘नागराज’ आला, त्याच्या अंगातून साप निघत. १९९० मध्ये ‘इंद्रजाल’ बंद पडले. १९९७ मध्ये दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ गरगर फिरू लागला. मुलांनी त्यांच्यावर मनापासून प्रेम केले, आणि त्यात वावगे काही नाही. मात्र बहादूरने गावात वाटलेली ताकद पुन्हा एकाच देहात गोळा झाली आणि नागरिक पुन्हा प्रेक्षक झाला. आज जुने अंक जपणारे हौशी पुष्कळ आहेत. पण जपून ठेवलेला अंक म्हणजे वारसा नव्हे.

निर्मात्याची बहात्तरी

हा वारसा पुढे चालवला तो बहादूरच्या निर्मात्यानेच. १९३५ साली जन्मलेल्या सुरतींनी २००७ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, मुंबईलगतच्या मीरा रोडला ‘ड्रॉप डेड’ ही संस्था काढली. एक प्लंबर आणि एक स्वयंसेविका बरोबर घेऊन ते दर रविवारी इमारतींतून घरोघर जात आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून देत. पहिल्याच वर्षी १,६६६ घरे पाहून झाली आणि ४१४ नळ दुरुस्त झाले. बहादूरचे दल बंदुका घेऊन निघे. यांच्या हाती पाना आणि दोन-चार पैशांचा वायसर. देशप्रेमाचे हे रूप मला अधिक पटते.

बारामती-इंदापूरकरांना तर ते चटकन पटावे. पाण्याची श्रीमंती आणि गरिबी शेजारी-शेजारी नांदताना पाहायची तर आपल्याइतका चांगला मुलूख नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि त्याच्या काठी ऊस उभा राहिला. सुपे-मोरगावचा जिरायती पट्टा मात्र आभाळाकडे पाहत राहिला. १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले आणि इंदापूरच्या शिवेला समुद्रासारखे पाणी आले. पळसदेवचे जुने देऊळ त्याच्या पोटात गेले. पाणी फार ओसरले की तेच देऊळ वर डोकावते. अशा दुष्काळी उन्हाळ्यात याच दोन तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर टँकर येतो आणि आयाबाया हंडे घेऊन त्याच्यामागे धावतात.

सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी घालवतो. म्हणजे टँकरमागे धावणाऱ्या बाईचा एक मोठा हंडा. कोणी म्हणेल, उसाच्या पाटाला रात्रभर पाणी सुटते तिथे नळाच्या थेंबांचे काय घेऊन बसलात? आक्षेप रास्त आहे. नळाने पाटाचा हिशेब मिटत नाही. पण घरच्या नळाशी ज्याला थेंबाची किंमत कळली, तोच उद्या ग्रामसभेत पाटाच्या पाण्याचा जाब विचारील.

आपल्या मुलांना आपण झेंडावंदनाला नेतो, शौर्यकथा सांगतो. ते हवेच. त्याबरोबर एखाद्या रविवारी शाळेतली पाच-सहा मुले, एखादा जाणता प्लंबर आणि खिशात वायसर घेऊन गल्लीतले नळ तपासायला निघाली, तर तेही नागरिक सुरक्षा दलच. त्याला केशरी कुर्ता लागत नाही, आणि वयाची अटही नाही. आजोबांनी बरोबर जायला हरकत नसावी.