चिमुकल्या टोमॅटोचे बी घरीच धरा

भगिनींनो, न्हाणीच्या सांडपाण्यावर किंवा उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवणारे, बोराएवढ्या फळांनी लगडलेले टोमॅटोचे झाड तुम्ही पाहिले असेलच. (टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पण आपल्या परसात पिढ्यान् पिढ्या रुळलेल्या या आंबटगोड वाणाला गावठी म्हणायला माझी हरकत नाही.) आता न्हाणीपुढे फरशी आली, बांधावर तणनाशक आले आणि हे झाड दिसेनासे झाले. आपोआप येते म्हणून कोणी त्याचे बी धरले नाही. ज्यांच्याकडे एखादे झाड उरले असेल, त्यांनी यंदा ते मुद्दाम धरावे.

बाजारात डबीत मिळणारे चिमुकले टोमॅटो बहुधा संकरित असतात. त्यांचे बी उगवते, पण पुढचे झाड कसे फळेल याचा नेम नाही. गावठी वाणाचे फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून लेक आईसारखी निघते. शेजारी संकरित झाडे असतील तर मात्र एक-दोन घोसांना कळ्या उमलण्यापूर्वीच मलमलची सैल पिशवी बांधा. रोज सकाळी घोसाला हलकी टिचकी मारा. फळ धरले की पिशवी काढून दोऱ्याची खूण ठेवा.

बियाण्यासाठी सर्वांत मोठे फळ शोधू नका, सर्वांत निरोगी झाड शोधा. पाने वळून आकसलेले झाड नकोच. फळ झाडावरच पुरते पिकू द्या. मग गर वाटीत पिळून, थोडे पाणी घालून सावलीत झाकून ठेवा. उन्हाळ्यात एक-दोन दिवस, थंडीत तीन दिवस. वास येईल, वर साय धरेल. घाबरू नका, त्यानेच बियांवरचा बुळबुळीतपणा सुटतो. त्याहून जास्त ठेवाल तर बी वाटीतच मोड धरेल. भरपूर पाण्यात धुवा. पोकळ बी तरंगते, भरीव तळाशी बसते. ते ताटलीत पसरून सावलीत वाळवा. कागदावर नको, चिकटते. मुंग्यांवर लक्ष ठेवा.

पुरते वाळल्यावर घट्ट झाकणाच्या बाटलीत, वर तारीख लिहून, थंड कोरड्या जागी ठेवलेले बी तीन-चार वर्षे सहज उगवते.

पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, अर्धा सेंटिमीटर खोल. आठवड्यात रुजते. महिन्याभराची रोपे संध्याकाळी दोन-अडीच फुटांवर लावा. झाड माणसाएवढे वाढते, म्हणून काठीचा आधार लावणीच्या वेळीच द्या. पाणी बेताचे पण नेमाने. ताण देऊन एकदम भरपूर पाणी दिले की फळे तडकतात.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशाच गावठी वाणांची बियाणे बँक उभारली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तुमची बँक म्हणजे दोन बाटल्या. एक फडताळात ठेवा, दुसरी लेकीच्या सासरी किंवा माहेरी धाडा. इकडचे झाड रोगाने गेले, तर तिकडून बी मागवता येईल.