चौपाटीवर दात कोण घासतं?

मागच्या पावसाळ्यात आमच्या ऑफिसने जुहू चौपाटीवर स्वच्छता मोहीम काढली. शनिवारची सकाळ, सगळ्यांना सारखे टी-शर्ट, हातमोजे, एकेक केळं आणि पाण्याची बाटली. दोन तास कचरा उचलला, ग्रुप फोटो काढला. परतीच्या बसमध्ये एकच विषय: "आपल्या लोकांना सिव्हिक सेन्सच नाही. संडेला ट्रेन भरभरून येतात आणि घाण करून जातात. एंट्री फी लावली पाहिजे."

मी गप्प बसलो. तेव्हा बोलायला हवं होतं ते आता लिहितोय.

ट्रेन भरून येणाऱ्यांतला मी आहे. लहानपणी आम्ही डोंबिवलीहून वर्षातून एकदा जुहूला यायचो. दादरला गाडी बदलायची, पार्ल्याला उतरायचं, पुढे बस. चौघांत दोन भेळ आणि एक गोळा. बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहायचे. तेवढा तासभर त्यांच्यावर कोणी साहेब नसायचा. चौघांचं तिकीट लागलं असतं तर ती फेरी झालीच नसती. एंट्री फीने कचरा थांबेल की नाही माहीत नाही, पण आम्ही नक्की थांबलो असतो.

आता कचऱ्याकडे येऊ. त्या दिवशी माझ्या पिशवीत काय होतं? टूथब्रश, शाम्पूच्या पुड्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं, कान साफ करायच्या काड्या, सॅनिटरी पॅड, जोडीदार हरवलेल्या चपला, थर्माकोलचे तुकडे. भेळेच्या प्लेटा आणि वेफर्सची पाकिटंही होती, नाकारत नाही. टाकणाऱ्याला खुशाल दंड करा. पण मला सांगा, चौपाटीवर येऊन दात कोण घासतं?

हा कचरा घरांतून आलाय आणि नाल्यांतून वाहत आलाय. इर्ला, गझदरबंध ही या भागातल्या नाल्यांची नावं. दोन्हीकडे मोठी पंपिंग स्टेशन्स आहेत, कारण भरतीच्या वेळी पाऊस पडला की साचलेलं पाणी आपोआप समुद्रात जात नाही, ते ढकलावं लागतं. पाण्याबरोबर नाल्यातलं प्लास्टिकही जातं. मग समुद्र ते भरतीला किनाऱ्यावर आणून टाकतो. शेजारच्या वर्सोव्यात अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये सफाई सुरू केली. तिथे स्वयंसेवकांना वर्षानुवर्षं शनिवार-रविवार राबावं लागलं, कारण उचललेल्या जागी पुन्हा कचरा येत राहिला.

सर्व्हर पडला की आम्ही इंजिनिअर लोक लॉग उलटे वाचत मागे जातो. शेवटच्या स्क्रीनसमोर बसलेल्या युजरला शिव्या घालत नाही. निदान सुरुवातीलाच तरी नाही. चौपाटीच्या बाबतीत मात्र आपली चौकशी भेळवाल्याच्या गाडीपाशीच संपते.

नाल्यापर्यंत पोचलो तरी बोट लगेच झोपडपट्टीकडे वळतं. पण जिथे मलवाहिनी पोचवलीच नाही, तिथलं सांडपाणी नाल्यात जाणार. हे उताराचं गणित आहे, संस्कारांचं नाही. आणि टॉवरमधला फ्लश कुठे जातो, हे आपल्यापैकी कितीजणांनी सोसायटीला विचारलंय? मीही विचारलेलं नाही.

दिसतो तो कचरा निदान उचलता तरी येतो. पाण्यात मिसळलेलं उचलता येत नाही. अंघोळीलायक समुद्राच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे: दर १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतून येणारे जिवाणू १०० पर्यंत. राज्याचं मंडळ किनाऱ्यांवरचं पाणी तपासतं, आकडे वेबसाइटवर टाकतं. जुहूच्या वाळूवर मात्र असा आकडा लिहिलेला फलक मला एकदाही दिसला नाही. बुडण्याचा धोका सांगणारे फलक आहेत, या धोक्याचा नाही. ट्रेनने आलेल्या बाईने पोराला पाण्यात सोडायच्या आधी वेबसाइट उघडून पीडीएफ शोधायची का?

मुंबईत सात ठिकाणी नवी मलजल प्रक्रिया केंद्रं बांधली जातायत. त्यांची एकूण क्षमता दिवसाला सुमारे २४६ कोटी लिटर. चांगलंच आहे. पण सांडपाणी नाल्याऐवजी मलवाहिनीतून गेलं तरच ते या केंद्रांपर्यंत पोचेल. म्हणून मोहिमा काढायच्याच असतील तर वॉर्ड ऑफिसवर काढू. मागण्या साध्या आहेत: नाल्यांच्या तोंडाशी जाळ्या, त्या जाळ्यांची रोज सफाई, वस्त्यांपर्यंत मलवाहिन्या आणि चौपाटीच्या प्रत्येक प्रवेशावर पाण्याचा ताजा आकडा, मराठीत, मोठ्या अक्षरांत. फोटोला हे फार बरं दिसणार नाही, कबूल.

गेल्या महिन्यात आई-बाबांना घेऊन पुन्हा जुहूला गेलो. बाबांनी सवयीने पँट दुमडली, दोन पावलं टाकली आणि मागे वळून विचारलं, "काय रे, पाणी बरं आहे ना?"

मला निकष पाठ होता, उत्तर माहीत नव्हतं. "जास्त आत जाऊ नका," एवढंच म्हणालो. ते घोट्यापर्यंतच्या पाण्यात थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले.