स्टॉपवॉच ०.०१ सेकंद दाखवतं, पण त्यावर विश्वास ठेवायचा का?

पोलीस भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत १०० मीटर धावण्याला १५ गुण आहेत. गुण वेळेच्या टप्प्यांनुसार मिळतात. त्यामुळे सेकंदाचा छोटा भागही उमेदवाराला खालच्या टप्प्यात ढकलू शकतो.

चूक कुठे होते?
घड्याळात नाही, बोटात. पाहून बटण दाबायला साधारण ०.२ सेकंद लागतात. शिवाय आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. अंतिम रेषेवरच्या पंचाने इशारा ऐकून घड्याळ सुरू केलं, तर जवळपास ०.३ सेकंद आधीच गेलेले असतात. म्हणून पंचाने आवाज ऐकायचा नसतो. धूर किंवा झेंडा बघायचा असतो.

उपाय काय?
कर्वेनगरमधल्या कॉलेजांत फिजिक्स शिकणाऱ्या मुलींना तो ठाऊक असतो. एक मीटरच्या लंबकाचं एक दोलन सुमारे २ सेकंदांचं. एकच मोजलं, तर ०.२ सेकंदांची चूक १० टक्के होते. सलग २० मोजून भागाकार केला, की ती फक्त अर्धा टक्का उरते.

पण उमेदवार २० वेळा धावू शकत नाही. त्याला संधी एकच. म्हणून मोठ्या स्पर्धांत माणसाचं बोटच बाजूला काढलं जातं. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नोआ लाइल्स ९.७८४ सेकंदांत जिंकला, किशेन थॉम्पसनने ९.७८९ सेकंद घेतले. निकाल कॅमेऱ्याने दिला.

हाताने घेतलेली वेळ मात्र अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांत ०.१ सेकंदापर्यंतच धरतात, तीही वरच्या बाजूला. तिघांनी वेगवेगळी वेळ घेतली, तर मधली ग्राह्य. नोकरी ठरवणाऱ्या मैदानावरही निदान एवढी काळजी हवीच.