पाखरं धीट झाली, पण आपलं काय?

शिराळ्याच्या एसटी स्टँडवर पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. साळुंकी पायाजवळचा वड्याचा तुकडा उचलते आणि न उडता दोन पावलं बाजूला होते. रानातली पाखरं मात्र माणूस दिसला की लांबूनच उडतात. असं का?

दर वेळी घाबरून उडालं तर ताकदही जाते आणि घासही जातो. माणूस रोज शेजारून जातो पण काही करत नाही, हे लक्षात आलं की पाखरू उडायचं सोडतं. मुलं याला मैत्री म्हणतात. माझ्या मते ही फक्त सवय आहे, आणि हा फरक मुलांना सांगायलाच हवा. कारण माणसाला न घाबरणारं पाखरू गलोल घेतलेल्या पोरालाही घाबरेलच असं नाही.

मुंबईत बघा. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे कुरव पक्षी घारापुरीच्या लाँचमागे उडत लोकांनी फेकलेले वेफर्स हवेतच झेलतात. मासे खाणाऱ्या पाखराला आपण तेल-मीठ शिकवलं! दादरच्या कबुतरखान्यात दाण्यांमुळे कबुतरांचे थवे जमले. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुफ्फुसाचे आजार होऊ शकतात. शेवटी २०२५ मध्ये महापालिकेने तो ताडपत्रीने झाकला, वाद न्यायालयात गेला. दाणे टाकणाऱ्यांच्या मनात दयाच होती. पण नुसती दया पुरत नाही.

हे आपल्या बत्तीस शिराळ्याला वेगळं सांगायला नको. नागपंचमीला जिवंत नाग हाताळायची आपली जुनी प्रथा. श्रद्धा खरी होती, तरी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे तिला मुरड घालावी लागली. ज्याच्यावर माया आहे त्याच्यापासून अंतर राखायचं, हे आपण नागाकडून शिकलो. तेच पाखरांनाही लागू आहे.

मग करायचं काय? शाळेच्या आवारात सावलीत पसरट मातीच्या भांड्यात पाणी ठेवा आणि ते रोज बदला. वड, उंबर, बोर अशी झाडं लावा. फरसाण, बिस्किटं टाकू नका, डब्यातलं उरलेलं मैदानात सांडू नका. आणि मुलांना एक वही द्या. झाडाखाली बसून बघायचं, कोणतं पाखरू माणसाला किती पावलांपर्यंत जवळ येऊ देतं, आणि लिहून ठेवायचं. परिसर अभ्यासाचा याहून जिवंत पाठ कुठला?