ताटातलं कोणी ठरवायचं?



सातारा-सांगलीच्या गावांतून बैठकांना गेले की ‘आम्ही खात नाही’ असं सांगणाऱ्या बाया हमखास भेटतात. काय खात नाही, हे सांगावं लागत नाही. कुणाच्या नवऱ्यानं माळ घातलेली असते, कुणाच्या सासऱ्यानं.

माळेला मी नावं ठेवणार नाही. माळेबरोबर मटण सुटतं तशी दारूही सुटते, म्हणून कित्येकजणी नवऱ्याच्या मागे लागून त्याला माळ घालायला लावतात. बाईनं आपल्या मनानं सोडलं, तर तो तिचा हक्कच आहे.

पण तिचं मन विचारतो कोण? माळ एकाच्या गळ्यात आणि चूल सगळ्या घराची बदलते. मुलाला वाटलं तर तो ढाब्यावर खाऊन येतो. सुनेला ती वाट नाही. जिथं शिजतं, तिथंही फोडी पुरुषांच्या आणि तळाचा रस्सा बाईचा. माण, खटाव, आटपाडी, जतच्या दुष्काळी पट्ट्यात शेळ्या-कोंबड्या राखते बाईच, पण अंडी बाजारात जातात. वर चतुर्थ्या, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार आहेतच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. याला एकटं मटण कारण नाही. डाळ, पालेभाजी, दूध हेही तिच्या वाट्याला उरेल तेवढंच येतं.

दुसरी गोष्ट इभ्रतीची. ‘खात नाही’ ही प्रतिष्ठेची खूण झाली की खाणारी आपोआप खालची ठरते. दलित, मुस्लिम मैत्रिणीच्या घरचा चहा टाळायलाही मग माळेचं निमित्त पुरतं. चोखोबांना संत मानणाऱ्या परंपरेत हे बसतं का? सरकारी निर्णयांचा भारही गरिबाच्याच ताटावर पडतो. २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदी बैलांपर्यंत वाढली आणि स्वस्त मांस गेलं. जानेवारी २०२५ मध्ये शालेय पोषण आहारातल्या अंड्यासाठी सरकारनं निधी देणं थांबवलं. ज्या मुलांना घरी अंडं मिळत नाही, त्यांचंच ते गेलं.

म्हणून पुढच्या बैठकीत आपण एकमेकींना तीन प्रश्न विचारूया. तू सोडलंस, की तुला सोडावं लागलं? त्याच्या जागी तुझ्या ताटात काय आलं? आणि खाणाऱ्या मैत्रिणीच्या घरची पिठलं-भाकरी तुला चालते का?

तुमच्या गटातली उत्तरं आम्हाला जरूर लिहून कळवा.