हा सूर कुठेतरी ऐकलाय!

मोबाईलवर एखादी धून लागते आणि वाटतं, अरे, हे तर ‘स्वान लेक’! नाव बघावं तर भलतंच. असं झालं असेल तर तुमचा कान चांगला आहे.

माझ्या वयाच्या मुलींना चायकोव्हस्की भेटला तो बार्बीच्या सिनेमांत. २००१चा ‘नटक्रॅकर’, २००३चा ‘स्वान लेक’. रायपुरात बसून बॅले कोण बघणार? पण सूर डोक्यात राहिले.

आता त्याचंच ‘सेरेनेड फॉर स्ट्रिंग्ज’ लावा. १८८०चं, म्हणजे ‘नटक्रॅकर’च्या १२ वर्षं आधीचं. सगळी तंतुवाद्यं, आणि दुसरा भाग थेट वॉल्ट्झ. ते नाचासाठी लिहिलंच नव्हतं, तरी १९३४ मध्ये जॉर्ज बॅलन्शीनने अमेरिकेत त्यावर बॅले बसवलाच. पाचव्या सिम्फनीचा तिसरा भागही असाच, वॉल्ट्झचा. रिम्स्की-कोर्साकोव्हचं ‘शेहेरजादे’ १८८८चं. त्यावर १९१० साली पॅरिसमध्ये बॅले झाला. माझ्या मते सुरुवात मात्र ‘सेरेनेड’नेच करा, ‘शेहेरजादे’ फार लांब आहे.

हे इतकं ओळखीचं का वाटतं? वॉल्ट्झ तीन मात्रांचा. दोनदा मोजा, दादऱ्याच्या सहा मात्रा होतात. ‘स्वान लेक’ची ती उदास धून पेटीवर काढून बघा: गंधार, धैवत, निषाद कोमल, म्हणजे आपल्या आसावरी थाटाचेच सूर. (राग आसावरी नव्हे हं, नाहीतर गुरुजी रागावतील!)

मुलगी कथक शिकते, तिला विलायती ऐकवलं तर कान बिघडेल, असं तुमच्याही घरात कुणी म्हणत असेल. त्यांना विष्णुदास शिराळींबद्दल सांगा. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे हे शिष्य उदयशंकर यांच्या नृत्यसंचाबरोबर युरोप-अमेरिका फिरले, १९४८च्या ‘कल्पना’ चित्रपटाला संगीत दिलं. उदयशंकर स्वतः १९२३ मध्ये रशियन बॅलेरिना आना पावलोवाबरोबर राधा-कृष्ण नाचले होते. कान दोन्हीकडे ठेवूनही यांचं संगीत आपलंच राहिलं.

आणि आपल्या छत्तीसगडमध्ये रायगढ आहेच. राजा चक्रधर सिंह यांच्या दरबारात कथकच्या परणी रचल्या गेल्या, त्यांची नावंच ऐका: ‘दलबादल’, ‘कडक बिजली’. एकात ढग गोळा होतात, दुसरीत वीज कडाडते. नाच दिसण्याआधी चित्र कानांत उभं राहतं. चायकोव्हस्कीचे हंस तरी दुसरं काय करतात?

रायगढचा चक्रधर समारोह गणेश चतुर्थीला सुरू होतो. घरी गणपती असल्यामुळे आपल्याला पहिल्या दिवशी जमत नाही, पण विसर्जन दीड दिवसाचं असेल तर पुढची एखादी रात्र नक्की गाठता येते. मुलांना घेऊन जा. परण सुरू झाली की त्यांना डोळे मिटायला सांगा आणि काय दिसलं ते विचारा.