भुताला पझेशन मिळालं

भुतानं माणसाला झपाटलं की इंग्रजीत त्याला पझेशन म्हणतात. बिल्डर फ्लॅटची चावी हातात ठेवतो, तेही पझेशनच. मुंबई-पुण्यात कुणी 'पझेशन कधी?' विचारलं तर कुणी लिंबू-मिरची शोधायला धावत नाही, सरळ बिल्डरला शिव्या घालायला लागतो. पण आपले हिंदी हॉररपट जरा नीट बघा बॉस, दोन्ही पझेशन एकच आहेत. आपलं भूत पहिल्यापासून प्रॉपर्टीच्या भानगडीत आहे. इथे आधी कोण राहत होतं, त्याचं काय झालं आणि तुम्हाला ही जागा एवढ्या स्वस्तात कशी मिळाली, एवढंच ते विचारत असतं.

१९४९ चा 'महल' घ्या. बॉम्बे टॉकीजचा सिनेमा, कमाल अमरोहींचं पहिलं दिग्दर्शन, अशोककुमार आणि मधुबाला. झोपाळा, धुकं, लताबाईंचा आवाज, सगळं इतकं देखणं की भीती वाटायच्या आत आपण प्रेमातच पडतो. पण गंमत पुढे आहे. ती कामिनी नावाची भटकती आत्मा शेवटी निघते कोण, तर माळ्याची मुलगी. ज्या महालाच्या बागेत बाप राबला, त्या महालात तिला राणीसारखं वावरायचंय, आणि जिवंत माणूस म्हणून कुणी ते करू देणार नाही. म्हणून ती भूत होते. देश नुकताच स्वतंत्र झालेला, जमीनदारी रद्द करणारे कायदे एकेका राज्यात येऊ घातलेले. अशा वेळी मोठ्या घरातल्या माणसांना खरी धास्ती कुणाची वाटत असेल? मेलेल्या राणीची की माळ्याच्या जिवंत मुलीची? मला तर हा सिनेमा दर वेळी दुसऱ्याच प्रश्नामुळे घाबरवतो.

'बीस साल बाद' (१९६२) मध्ये हिशोब आणखी उघड झाला. ठाकुरानं गावातल्या पोरीवर अत्याचार केला आणि त्याची वसुली वारसदारांकडून सुरू झाली. कथेचा सांगाडा शेरलॉक होम्सच्या कुत्र्याच्या गोष्टीवरून उचललेला, पण गुन्हा अस्सल इथला.

मग आले रामसे. सिंगल स्क्रीनचा लेट नाइट शो, पडद्यावर दरवाजा कुरकुरतोय आणि मागच्या रांगेतून शिट्ट्या. वडील एफ. यू. रामसे आणि सात भाऊ, कॅमेरा गंगू, साउंड किरण, लेखन कुमार, दिग्दर्शन तुलसी आणि श्याम. म्हणजे एका घरात अख्खं युनिट! 'दो गज़ ज़मीन के नीचे' (१९७२) त्यांनी महाबळेश्वरला जाऊन, घरच्याच माणसांच्या जोरावर काढला. आपण हसतो त्यांना, पण 'पुराना मंदिर' (१९८४) ची गोष्ट ऐका. सामरी नावाच्या राक्षसानं राजघराण्याला शाप दिलाय: या घराण्यातली मुलगी बाळंत झाली की मरणार. त्यामुळे ठाकूरसाहेब आपल्या मुलीला कॉलेजातल्या मुलावर प्रेमच करू देत नाहीत. आता सांगा, हा शाप आहे की कुठल्याही बापाचं नेहमीचं लेक्चर? शहरातल्या कॉलेजात पोरं-पोरी एकत्र फिरायला लागली, आईबापांना झोप येईना, आणि ती न येणारी झोप मेकअप चढवून पडद्यावर आली. रामसेंच्या भुतांना जुनं खानदान आवडायचं नाही, आणि गाडी काढून मजा करायला निघालेली पोरंही आवडायची नाहीत. पेन्शनर असतात ना तशी!

'पुराना मंदिर'च्या आधी चार वर्षं, १९८० मध्ये, अरुणा राजे आणि विकास देसाईंचा 'गहराई' येऊन गेला, तो मात्र हसण्यासारखा नाही. लेखनात विजय तेंडुलकर आहेत. बंगलोरला नोकरीत रमलेला बाप (डॉ. श्रीराम लागू) गावाकडची जमीन साबणाच्या कंपनीला विकून टाकतो. जमीन सांभाळणारा म्हातारा नोकर कळवळतो. आणि इकडे शहरातल्या नीटनेटक्या घरात मुलीला, म्हणजे पद्मिनी कोल्हापुरेला, झपाटलं जातं. गावची जमीन विकून शहरात वन बीएचके घेतलेली किती घरं तुमच्या ओळखीत आहेत? माझ्या तरी अर्ध्या ऑफिसात आहेत. हा सिनेमा त्यांना एकट्यानं बघायला सांगू नका.

नव्वदीनंतर हवेल्याच संपल्या. मल्टिप्लेक्स आले, आणि तिथे पॉपकॉर्न घेऊन बसलेल्या आपल्यासारख्यांनी हवेली फक्त हेरिटेज हॉटेलात पाहिलेली. मग रामगोपाल वर्मानं २००३ मध्ये 'भूत' काढला आणि भूत थेट मुंबईतल्या उंच बिल्डिंगमध्ये राहायला आलं. गाणी नाहीत, दाढीवाला तांत्रिक नाही. आहे काय, तर लिफ्ट, वॉचमन, मोलकरीण, आणि रात्री रिकाम्या हॉलमध्ये एकटाच चालू असणारा टीव्ही. नवरा (अजय देवगण) फ्लॅट घेतो. आधीची बाई बाल्कनीतून पडून मेली, हे त्याला ठाऊक आहे, पण डील चांगलं आहे ना! तो बायकोला सांगतच नाही. मला ऊर्मिलाच्या किंचाळण्यापेक्षा हे न सांगणं जास्त भीतीदायक वाटतं. मुंबईत आपल्यापैकी प्रत्येकानं कधी ना कधी भाव बघून एखादा प्रश्न गिळलेलाच असतो: ओसी आहे का, पाणी येतं का, आधीचे का सोडून गेले?

'१३बी' (२००९) नं तर मिडलक्लासची नसच पकडली. नवीन फ्लॅट, एकत्र कुटुंब, माधवन. दुपारी एक वाजता घरातल्या बायका सीरियल लावतात आणि त्या सीरियलमध्ये ह्यांच्याच घरात घडणाऱ्या गोष्टी दिसायला लागतात. लिफ्ट सगळ्यांसाठी चालते, पण हा एकटा आत शिरला की बंद. घराचा मालक आपण आहोत, पण बिल्डिंगच आपल्याला ओळखत नाही, ही भावना नव्या सोसायटीतल्या पहिल्या महिन्यात आली नसेल तर तुम्ही फार नशीबवान आहात.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट हळूच बदलली: भीती कुणाला वाटावी? 'रागिनी एमएमएस' (२०११) मध्ये वीकएण्डला गेलेल्या मुलीच्या वाट्याला चेटकीण येते, पण त्याआधीच तिच्या बॉयफ्रेण्डनं खोलीत चोरून कॅमेरे लावून ठेवलेत. चेटकीण परवडली, असं माझ्या मैत्रिणी म्हणतात. विशाल फुरियाचा 'लपाछपी' (२०१७) आपल्या मराठीतला. कर्ज देणाऱ्यांच्या धाकानं शहर सोडून एक गरोदर बाई नवऱ्याबरोबर उसाच्या फडातल्या घरात येते. अंधार फारसा नाही, उलट भरपूर ऊन, आणि उसातून येणारा मुलांच्या हसण्याचा आवाज. ही मुलं कोण, हे कळतं तेव्हा मुलीच नको असलेल्या घरांची अख्खी यादी डोळ्यांसमोरून जाते. पूजा सावंतचं काम जबरदस्त, उषा नाईक त्याहून. 'छोरी' (२०२१) हा त्याचाच हिंदी अवतार, पण मूळ बघा राव. आणि 'स्त्री' (२०१८) मध्ये चंदेरीतले पुरुष रात्री एकटे बाहेर पडायला घाबरतात, घरच्या बायका त्यांना 'लवकर या' म्हणून बजावतात. थिएटरमध्ये बायका जरा जास्तच मोठ्यानं हसत होत्या.

'तुंबाड' (२०१८) वर कधीतरी वेगळा कॉलम लिहीन. आत्ता एवढंच की तिथेही वाडा आहे, पण त्यात शिरणाऱ्याला कुणी झपाटत नाही, तो स्वतःच दोरीनं खाली उतरतो, सोन्याच्या मोहरांसाठी. आणि मुलाला कसं उतरायचं ते शिकवतो. २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला.

राहता राहिला एक सिनेमा, जो अजून कुणी काढलेला नाही. माझा एक मित्र सहा वर्षं ईएमआय आणि भाडं दोन्ही भरतोय. टॉवर चौदाव्या मजल्यावर अडकलाय. २०१७ मध्ये महारेरा आलं, त्यानं तिथे तक्रारही टाकली. दर रविवारी हा पठ्ठ्या बाइक काढून साइटवर जातो, पत्र्याच्या फटीतून वर बघतो आणि फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकतो. परवाच्या फोटोत त्याच्या मजल्यावर, म्हणजे अकराव्यावर, एक पिवळा दिवा लागलेला दिसत होता. साइटवर लाइट नाही, वॉचमनही कधीच सोडून गेला. आम्ही सगळ्यांनी विचारलं, तिथे कोण राहतंय?

त्याचा रिप्लाय आला, 'कोण का असेना यार, त्याला पझेशन कसं मिळालं ते विचारून येतो.'